एपी आणि ड्युअल एनरोलमेंट : क्रेडिट दोन्हीत आहे, पण ग्रेड कुठे जाऊन बसते ते आधी बघा

मुलगी इथे अमेरिकेत दहावीत असताना मी आईला फोनवर सांगितलं की ती आता कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, केमिस्ट्री करतेय, तर आईला वाटलं नात अकरावीला गेली, कारण आपल्याकडे दहावी संपली की कॉलेजच. तिला समजावताना लक्षात आलं की मलाच नीट माहीत नव्हतं. एपी काय आणि ड्युअल एनरोलमेंट काय, दोन्ही म्हणजे "शाळेत असतानाच कॉलेजचं क्रेडिट", म्हणजे पुढे पदवीत मोजला जाणारा कोर्स, एवढंच धरून मी सही करून मोकळी झाले होते.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेचा कार्यक्रम. मुलं आपल्याच हायस्कूलमध्ये, आपल्याच टीचरकडे वर्षभर शिकतात आणि मे महिन्यात परीक्षा देतात, जुलैमध्ये १ ते ५ मधला स्कोर येतो. सरकारी युनिव्हर्सिट्या बऱ्याचदा ३ ला क्रेडिट देतात, नावाजलेल्या ठिकाणी ४ किंवा ५ लागतो, आणि कॅलटेकसारखं कॉलेज एपीला क्रेडिट देतच नाही. आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखंच, सगळं त्या एका पेपरवर. पण एक मोठा फरक आहे, स्कोर २ आला तर बहुतेक कॉलेजांना तो कळवायची सक्ती नसते. वर्गातली ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, राहते, परीक्षेचा स्कोर मात्र पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये मूल खरंखुरं कॉलेजचं विद्यार्थी होतं. नावं राज्यागणिक वेगळी, टेक्सासमध्ये ड्युअल क्रेडिट, वॉशिंग्टनमध्ये रनिंग स्टार्ट, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, मिनेसोटात तर पीएसईओ नावाने १९८५ पासून चालू आहे. पैशाचंही तसंच, फ्लोरिडात पब्लिक स्कूलच्या मुलांना ट्यूशन आणि पुस्तकं दोन्ही फुकट, वॉशिंग्टनमध्ये ट्यूशन माफ पण पुस्तकं आणि काही फी आपली. इथे मे महिन्यातली एक मोठी परीक्षा नाही, सेमिस्टरभरचे क्विझ, लॅब, मिडटर्म, फायनल सगळं मिळून ग्रेड लागते आणि ती ग्रेड त्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची चढते. कायमची म्हणजे खरंच कायमची.

आमच्या मुलीला त्या केमिस्ट्रीत सी ग्रेड आली. शाळेत वर्षभर पुरणारा अभ्यास तिथे एका सेमिस्टरमध्ये संपतो, ती मिडटर्मलाच मागे पडली, आणि आम्हाला कळेपर्यंत कोर्स सोडायची तारीख उलटून गेली होती. मी प्रोफेसरांना ईमेल केला तर त्यांचं उत्तर आलं, "मी विद्यार्थिनीशीच बोलू शकतो." तेव्हा राग आला, पण ते बरोबरच होतं, कारण फर्पा नावाच्या कायद्याने कॉलेजमधल्या रेकॉर्डचा हक्क मुलाकडे जातो, मूल १५ वर्षांचं असलं तरी. हायस्कूलकडे जे रेकॉर्ड येतं ते अठरा वर्षांपर्यंत आईबापांना बघता येतं, पण तोपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून कोर्स सोडायच्या दोन्ही तारखा, ट्रान्सक्रिप्टवर काहीच न दिसता सोडायची आणि डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे मधेच सोडल्याचा शेरा) लागून सोडायची, पहिल्याच दिवशी फ्रिजवर लावा.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितेय त्याचं कारण मेडिकल. आपल्या लोकांत मुलाला डॉक्टर करायचं स्वप्न घरोघरी आहे, आणि मेडिकल स्कूलचा जो एएमसीएएस अर्ज असतो त्यात आयुष्यात कॉलेजमधून घेतलेला प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो, हायस्कूलमध्ये असताना घेतलेलासुद्धा, आणि ती ग्रेड जीपीएत, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरली जाते. म्हणजे पंधराव्या वर्षीचा सी बाविसाव्या वर्षी समोर येणार. एपीचा स्कोर त्या जीपीएत येत नाही.

मग ड्युअल एनरोलमेंट वाईट का, तर अजिबात नाही. राज्यातल्याच पब्लिक युनिव्हर्सिटीत जायचं पक्कं असेल तर मला तेच जास्त भरवशाचं वाटतं, टेक्सासमध्ये कोअरचे, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे मूलभूत, कोर्स एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्यात चालतात, फ्लोरिडात सगळ्या सरकारी कॉलेजांना कोर्स नंबर सारखे आहेत. प्रायव्हेट किंवा परराज्यातल्या कॉलेजचं मात्र ज्याचं त्याला विचारायलाच लागतं, कारण हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी जो कोर्स मोजला गेला तो काही ठिकाणी परत धरत नाहीत. आणि एवढी क्रेडिट झाली म्हणजे मूल ट्रान्सफर स्टुडंट, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेलं, ठरेल का ही भीती सोडा, हायस्कूल संपायच्या आधी घेतलेल्या क्रेडिटने साधारणपणे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी, म्हणूनच अर्ज होतो.

धाकट्याचं आम्ही वेगळं ठरवलंय. बायोलॉजी एपीमधून, आणि कॉलेजमधून इंग्लिशचा एकच कोर्स, तोही अकरावीच्या उन्हाळ्यात, जेव्हा शाळेचं दुसरं ओझं नसेल, आणि कॉलेजचा ईमेल तो स्वतः दर रविवारी माझ्याशेजारी बसून उघडणार आहे.