मिराजचे पार्ट बनवायचेत? ग्वाल्हेरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी अर्जाची माहिती

आपल्या लष्कर भागात डोक्यावरून मिराज लढाऊ विमान गेलं की बोलणं मधेच थांबवावं लागतं, हे ग्वाल्हेरकरांना काय सांगायचं. 1985 पासून ही विमानं महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आहेत, 2019 ला बालाकोटलाही इथूनच उडाली. पण दासो या फ्रेंच कंपनीने मिराज 2000 बनवणं 2007 लाच बंद केलंय, त्यामुळे सील, बुश, ब्रॅकेट असलं बारीकसारीक सामान बाहेरून मिळणं अवघड होत चाललंय आणि इथे बानमोर-मालनपूरच्या औद्योगिक भागातल्या छोट्या युनिटला खरंच वाव आहे.

आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, एजंटला एक पैसा देऊ नका. मॅन्युफॅक्चरर म्हणूनच करा, ट्रेडर म्हणून केलं तर टेंडरला ईएमडीची, म्हणजे अनामत रकमेची माफी मिळत नाही. मशिनरीत 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटी, इथपर्यंत तुम्ही स्मॉलमध्येच, म्हणजे लघु उद्योगातच.

मग संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल. परदेशातून मागवत असलेल्या वस्तूंची यादी तिथे असते, जमेल त्यावर इंटरेस्ट नोंदवायचा. पण ही ऑर्डर नव्हे हो, खूप जण इथेच फसतात! खरेदी होते ती टेंडरनेच, जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) किंवा डिफप्रॉकवर (संरक्षण खात्याचं टेंडर पोर्टल), आणि डिफप्रॉकला क्लास 3 ची डिजिटल सही लागते.

कागद म्हणजे जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, बॅलन्स शीट, मशीनची यादी, मायक्रोमीटर-व्हर्नियरचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आयएसओ असेल तर उत्तमच. पण माझ्या मते सगळ्यात मोठा कागद मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटचा. माझा एक बुश मापात अगदी बरोबर होता, तरी परत आला, कारण सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या ओतीव बॅचचा नंबर) एक आणि धातूच्या बारवर पंच केलेला दुसराच. तेव्हापासून बार कापताना मी आधी उरलेल्या तुकड्यावर नंबर पंच करतो, मगच मशीन चालू.

जुन्या विमानाच्या पार्टचं ड्रॉइंग बरेचदा मिळतच नाही, सॅम्पल बघून मापं काढावी लागतात, आणि उडणाऱ्या विमानात बसणाऱ्या पार्टला सेमिलॅकची (लष्करी विमानं आणि पार्टना उडण्यायोग्य ठरवणारी संस्था) मंजुरी, डीजीएक्यूएचं (विमानांच्या सामानाचा दर्जा तपासणारं सरकारी खातं) इन्स्पेक्शन, यात महिनोन्महिने जातात, तोवर पैसे अडकतात. म्हणून पहिल्यांदा ट्रॉली, जॅक, टेस्ट रिग असलं जमिनीवरचं सामान धरा.