नॉरमचा किल्ला आणि सीमाभागातील जलरंगचित्रे : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेलगत असलेली नॉर्थम्बरलँड ही काउंटी आजही विरळ वस्तीची आणि शेती-मेंढपाळीची आहे. तरीही इंग्रजी जलरंगचित्रांच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. या चित्रांचे मूळ तेथील लढायांइतकेच त्या लढाया थांबण्यातही आहे. ट्वीड नदीच्या काठावरील नॉरमचा किल्ला डरमचा बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड याने ११२१ मध्ये बांधायला घेतला. नदीपलीकडे थेट स्कॉटलंड असल्याने त्याला वारंवार वेढे पडले. १५१३ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने तोफांच्या बळावर तो काही दिवसांतच जिंकला आणि त्यानंतर लवकरच फ्लॉडनच्या लढाईत तो राजा मारला गेला. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांवर एकच राजा आल्यावर सीमेवरच्या अशा ठाण्यांचे प्रयोजनच संपले, आणि दुरुस्तीविना पडून राहिलेला नॉरम ढासळत गेला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रसिकांना हेच भग्नावशेष मोह घालू लागले. विल्यम गिल्पिनच्या प्रवासलेखनाने निसर्गाकडे चित्र म्हणून पाहण्याची गोडी लावली होती, तर १७९३ पासून फ्रान्सशी सुरू झालेल्या युद्धामुळे युरोपची वाट अवघड होऊन प्रवाशांचा ओढा स्वदेशाकडे वळला. याच सुमारास विल्यम रीव्ह्जने तयार केलेल्या जलरंगाच्या वड्या बाजारात आल्या आणि रंग खलण्याचा खटाटोप वाचला.

थॉमस गर्टिन आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर या दोन्ही इंग्रज चित्रकारांचा जन्म १७७५ चा. लंडनमध्ये डॉ. थॉमस मनरो यांच्या घरी दोघे संध्याकाळी जुन्या चित्रांच्या नकला करीत. गर्टिन १७९६ मध्ये उत्तरेकडे गेला, टर्नर त्याच्या पुढच्या वर्षी. जागेवर मुख्यतः पेन्सिलीने रेखाटन करायचे आणि रंगकाम घरी परतल्यावर, अशी टर्नरची रीत होती. तोवर अशा स्थळचित्रांत आधी करड्या रंगाने छाया भरून वर फिकट रंगांचे हात देत. ही चित्रे नेटकी असली, तरी त्यांतला प्रकाश मलूल वाटतो. या दोघांनी करडा थर सोडून थेट रंग लावायला सुरुवात केली. गर्टिनने जाड, खरबरीत कागद पसंत केला. टर्नर ओला रंग टिपून, नखाने खरवडून उजेड काढी. माझ्या मते जलरंगाला स्वतंत्र चित्राची प्रतिष्ठा मिळाली ती याच बदलामुळे.

१७९८ मध्ये टर्नरने रॉयल अकादमीत नॉरमचे जलरंगचित्र मांडले. त्यात ग्रीष्मातल्या सकाळचा सूर्य किल्ल्यामागे असल्याने दगडी बालेकिल्ला निळसर, गडद दिसतो आणि सारा उजेड पाण्यावर पसरतो. १८०२ मध्ये गर्टिनचे अकाली निधन झाले. टर्नर मात्र या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळला. इंग्लंडच्या नद्यांवरील चित्रमालिकेसाठी १८२० च्या दशकात त्याने नॉरम नव्याने रंगवला. १८३१ मध्ये प्रकाशक रॉबर्ट कॅडेलसोबत तेथून जाताना त्याने किल्ल्याला टोपी काढून वंदन केले आणि कॅडेलने कारण विचारताच नॉरमच्या चित्रापासून आपल्याला कधी कामाची वाण पडली नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. १८४५ च्या सुमारास त्याने हाच सूर्योदय तैलरंगात रंगवला, पण रंग इतका पातळ लावला की तो जलरंगाचाच हात वाटतो. त्याच्या हयातीत प्रदर्शित न झालेले ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.