मानेच्या सोनोग्राफीला येताना गाठीवर खूण करून या

"मानेत गाठ लागते" म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात आणि टेबलावर झोपल्यावर म्हणतात, "आत्ता नाही लागत, काल होती." मग ती शोधण्यातच वेळ जातो आणि लांजा-राजापूरहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं बाहेर खोळंबतात. म्हणून विनंती, गाठ हाताला लागेल तेव्हाच घरी बॉलपेनने तिच्याभोवती गोल काढा. काही फुगवटे तर फक्त गिळताना क्षणभर वर येतात. गळ्यापासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारा ओमोहायॉइड नावाचा बारीक स्नायू काहींत असा उसळतो. पाणी पितानाचा मोबाइल व्हिडिओ आणलात तर आमचं अर्धं काम झालं.

गाठ चोळू नका. बिब्बा तर लावूच नका. फोड आलेल्या कातडीवर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत मानेवरून फिरवतात तो दांडा, टेकवता येत नाही, तुम्हाला परत पाठवावं लागतं.

"दुखतं उजवीकडे, मग डावी बाजू कशाला बघता?" हेही रोजचंच. डाव्या बाजूचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, पण ती बघितल्याशिवाय सोडतही नाही. मानेचे स्नायू सगळ्यांचे सारखे नसतात आणि एकाच माणसाच्या दोन बाजूही कधी जुळत नाहीत. शंभरात दोन-तीन जणांना मानेच्या वरच्या मणक्यांपासून कॉलरबोनपर्यंत येणारा एक जास्तीचा स्नायू असतो, लेव्हेटर क्लॅव्हिक्युली. आडव्या छेदात तो सुजलेल्या गाठीसारखा गोल दिसतो. प्रोब काटकोनात फिरवला की पट्ट्यासारखा लांबच लांब दिसू लागतो. एवढं केलं नाही तर माणूस उगाच सुईच्या तपासणीला जातो.

रिपोर्टात 'व्हेरिएशन', म्हणजे रचनेतला असा वेगळेपणा, लिहिलं म्हणजे आजार नव्हे. कागद मात्र जपून ठेवा. हाताच्या नसा बहुतेकांत मानेतल्या स्केलीन नावाच्या दोन स्नायूंच्या मधून जातात, काहींत एखादी नस पुढच्या स्नायूतूनच आरपार जाते. खांद्याच्या ऑपरेशनला भुलेची सुई बरेचदा नेमकी तिथेच देतात, तेव्हा भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवा.

टणक, वाढत जाणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न बसणारी गाठ असेल तर खुणेसाठी थांबू नका, लगेच या. आणि हात बधिर होत असेल तर मानेच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. मानेत जास्तीची बरगडी फार थोड्यांना असते, पण असली तर एक्स-रेत स्वच्छ दिसते. तो आमच्याकडेच निघतो, दुसरी खेप पडत नाही.