जीसीएस आठ म्हणजे नेमके काय? मेंदू-मज्जारज्जूच्या इजेवरचे संशोधन मांडण्याची पार्श्वभूमी

दुचाकीवरून पडलेला रुग्ण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पोचतो. तपासणारा डॉक्टर केसपेपरवर ‘ई २, व्ही २, एम ४’ असे डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण लिहितो आणि बाजूला बेरीज मांडतो: ८. हाच जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलचा गुण. पुढे हाच आकडा एखाद्या रेसिडेंटच्या स्लाइडवर जातो, आणि समोर बसलेल्या दिल्लीच्या किंवा वेल्लोरच्या सर्जनला तो रुग्ण किती गंभीर होता याचा लगेच अंदाज येतो. या विषयावरच्या परिषदा अशा सामाईक मोजपट्ट्यांवर चालतात. आणि या पट्ट्या फार जुन्या नाहीत.

इजांची नोंद ठेवण्याची रीत मात्र प्राचीन. इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरस या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात ४८ रुग्णांची वर्णने आहेत, डोक्यापासून सुरू करून खाली मणक्यापर्यंत. प्रत्येकाची तपासणी, निदान आणि शेवटी निवाडा: हा बरा करीन, याच्याशी झुंज देईन, किंवा याच्यावर उपचार नाही. मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या माणसाच्या वाट्याला तिसरा निवाडा आला. हा निवाडा विसाव्या शतकापर्यंत जवळपास तसाच टिकला. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, शय्याव्रण होऊ न देणे, लघवीचा संसर्ग टाळणे, एवढ्या साध्या कामांनी माणसे वर्षानुवर्षे जगू शकतात हे तिथे दिसले. माणसे जगू लागली, तेव्हाच त्यांची तुलना करण्याची गरज पडली.

मेंदूच्या बाबतीत १९७४ पर्यंत मोठा गोंधळ होता. एका इस्पितळातला ‘सेमीकोमा’ दुसऱ्या इस्पितळात ‘स्टुपर’ ठरे. त्या वर्षी ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ग्लासगो कोमा स्केल मांडली: डोळे उघडणे, बोलणे, हालचाल. मूळ मांडणीत हालचालीचे पाच स्तर होते. पुढे हात नेहमीच्या तऱ्हेने दुमडणे आणि विकृत तऱ्हेने दुमडणे वेगळे केल्यावर ते सहा झाले, म्हणून आज बेरीज ३ ते १५ येते. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. परिचारिकेलाही खाटेपाशी उभे राहून मिनिटभरात भरता येईल अशी ही पट्टी होती आणि म्हणूनच ती जगभर पसरली.

सादरीकरणातली सर्वांत जुनी चूकही याच पट्टीतून येते. आठ हा आकडा अनेक वाटांनी बनतो. ‘ई १, व्ही २, एम ५’ म्हणजेही आठ आणि ‘ई ४, व्ही १, एम ३’ म्हणजेही आठ. पहिल्याचा हात दुखऱ्या जागेकडे जातो, दुसऱ्याचा विकृत तऱ्हेने दुमडतो. दोघांचे भवितव्य एक नाही, कारण सर्वांत जास्त सांगतो तो हालचालीचा गुण. म्हणून स्लाइडवर नुसती बेरीज न देता हालचालीचा गुण वेगळा द्यावा. ‘सरासरी जीसीएस ९.४’ असे तर लिहूच नये. हे पायऱ्यांचे गुण आहेत, मोजमापाचे नव्हेत. मध्यक (मधोमधचा गुण) आणि चतुर्थकांची कक्षा (मधल्या निम्म्या रुग्णांचे गुण कुठून कुठवर) द्यावी.

बोलण्याचा गुण गोव्यात विशेष जपून वाचावा लागतो. खाटेवरचा माणूस सत्तरी तालुक्यातला कोकणी-मराठी बोलणारा असेल, बांधकामावरचा झारखंडचा मजूर असेल किंवा रशियन पर्यटक. तपासणाऱ्याला त्याची भाषा येत नसेल तर शुद्धीवरचा माणूसही ‘गोंधळलेला’ ठरतो आणि पाचाचा चार होतो. श्वासासाठी नळी घातलेल्याला बोलताच येत नाही. तिथे ‘१’ न लिहिता ‘टी’ लिहायचे असते. दारूचा अंमल किंवा झोपेचे औषध असेल तर गुण कोणत्या वेळी घेतला हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपल्या अभ्यासात हे कसे हाताळले, त्याचे एक वाक्य पद्धतीच्या स्लाइडवर हवेच.

मज्जारज्जूकडे १९६९ मध्ये फ्रँकेल प्रतवारी आली आणि १९८२ पासून अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची मानके. ए ते ई अशा पाच प्रती. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा स्नायूंना ० ते ५ गुण, एकूण १००. स्पर्शाला ११२, टोचण्याला वेगळे ११२. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या सर्वांत खालच्या भागातही ना जाणीव, ना हालचाल; ‘बी’ म्हणजे तिथे जाणीव शिल्लक, पण हालचाल नाही. ही शेवटची तपासणी संकोचापोटी किंवा घाईत राहून जाते, आणि खरा ‘बी’ असलेला रुग्ण ‘ए’ म्हणून नोंदला जातो. आठवड्याने कुणी नीट तपासले की तो ‘बी’ होतो आणि स्लाइडवर ते ‘सुधारणा’ म्हणून येते. पहिल्या काही तासांतल्या स्पायनल शॉकमध्येही (इजेनंतर मज्जारज्जूचे काम तात्पुरते बंद पडते तेव्हा) असेच फसायला होते. नारळाच्या झाडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा) किंवा उथळ पाण्यात सूर मारून मान मोडलेला तरुण, यांच्या पहिल्या प्रतीसोबत ती कितव्या तासाला ठरवली हे लिहावे. बहात्तर तासांच्या आसपासची तपासणी तुलनेसाठी जास्त भरवशाची.

आकडे घाईने मांडले तर काय होते, याचा धडा १९९० मधला आहे. नॅसिस-२ या अमेरिकी चाचणीत मज्जारज्जूला इजा झालेल्या ४८७ रुग्णांवर मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा अभ्यास झाला: किलोला ३० मिलिग्रॅम एकदम, मग दर तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम, २३ तास. सगळे रुग्ण एकत्र पाहिले तर फायदा ठरत नव्हता. तो दिसला पहिल्या आठ तासांत औषध मिळालेल्या गटात. लेख छापून येण्याआधीच निष्कर्ष डॉक्टरांपर्यंत पोचवले गेले आणि हे औषध वर्षानुवर्षे रिवाज बनले. दिले नाही तर कोर्टात काय सांगू, या भीतीनेही ते दिले गेले. २०१३ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते वापरू नये असे स्पष्ट लिहिले. मधली तेवीस वर्षे एका उपगटाच्या स्लाइडवर गेली, असे आम्ही मानतो.

डोक्याच्या इजेत स्टेरॉइडचा निकाल क्रॅश चाचणीने २००४ मध्ये लावला. १०,००८ रुग्ण घेऊन ती मुदतीआधी थांबवली गेली, कारण पहिल्या दोन आठवड्यांत औषध घेतलेल्यांत २१.१ टक्के दगावले आणि न घेतलेल्यांत १७.९ टक्के. इतका फरक दीडशे रुग्णांच्या मालिकेत कधीच ठामपणे दिसला नसता. एका इस्पितळाचा अभ्यास मांडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असे नव्हे.

आणि दगावणे हा एकच परिणाम नव्हे. कवटीचे हाड काढून मेंदूला जागा देणाऱ्या शस्त्रक्रियेची रेस्क्यू-आयसीपी चाचणी २०१६ मध्ये आली. सहा महिन्यांनी मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ वर आले. पण केवळ श्वास चालू, भान नाही अशा अवस्थेत राहिलेले २.१ वरून ८.५ टक्के झाले. पहिला आकडा सांगून दुसरा न सांगणे ही घरच्यांची फसवणूक आहे. यासाठीच १९७५ ची ग्लासगो आउटकम स्केल किंवा तिची आठ पायऱ्यांची विस्तारित आवृत्ती वापरावी, आणि ‘चांगला परिणाम’ म्हणजे कुठून वर, ते स्लाइडवर लिहावे.

मांडण्याचे साधनही बदलत आले. १९६० च्या दशकापासून कोडॅकच्या प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसत. एखादी उलटी बसली की सीटी स्कॅनची डावी बाजू उजवी होई. आज चित्र उलटे होत नाही, पण चित्र क्रॉप करताना ‘आर’-‘एल’च्या खुणा उडतात आणि घोळ तोच. पोस्टरची पद्धत युरोपात १९६९ च्या सुमारास सुरू झाली, अमेरिकेत १९७४ मध्ये. पॉवरपॉइंट १९८७ चे. भारतात न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५१ मध्ये मद्रासला स्थापन झाली, आणि इजेवरच्या स्वतंत्र परिषदा त्यानंतर वाढल्या.

गोव्याकडे मांडण्याजोगे पुष्कळ आहे. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली एस्कोला मेडिको मुक्तीनंतर १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली आणि पुढे बांबोळीला गेली. मांडवीकाठच्या जुन्या वास्तूला आज लोक इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी ओळखतात. बांबोळीला काणकोणचे रुग्ण येतात तसे दोडामार्ग, सावंतवाडी आणि कारवारचेही. त्यामुळे इजा ते इस्पितळ हा वेळ प्रत्येक रुग्णासाठी मिनिटांत नोंदवला तर तोच एक चांगला अभ्यास होतो. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २००८ पासून आहे. तिच्या नोंदीतली कॉल आल्याची वेळ केसपेपरवरच्या ‘सुमारे’पेक्षा खरी.

अडते ते सहा महिन्यांच्या पाठपुराव्याला. मजूर गावी परततो, फोन नंबर बदलतो. भरती करतानाच रुग्णाचा, घरच्या एकाचा आणि मुकादमाचा असे तीन नंबर घ्यावेत, मुलाखतीची भाषा लिहून ठेवावी. सारांश साधारण २५० ते ३०० शब्दांचा. त्यात पाठपुराव्यातून सुटलेल्या रुग्णांची संख्या पहिल्या निकालाच्या ओळीत द्यावी. नैतिक समितीची परवानगी अभ्यासाआधीची असावी. औषध-उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयकडे (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी. ती २००९ पासून सक्तीची आहे.

सात मिनिटांच्या भाषणाला आठ-नऊ स्लाइड पुरतात. त्यातल्या तीन निकालांना. सीटीच्या कोपऱ्यातले नाव, वय, नोंदणी क्रमांक काढावेत. नुसता काळा चौकोन वर ठेवू नये, तो बाजूला सरकवता येतो. चित्र कापून नव्याने सेव्ह करावे. एलईडी पडद्यावर लेझरचा ठिपका दिसत नाही, म्हणून माउसचा बाण वापरावा. रुग्णाचा व्हिडिओ असेल तर संमती लेखी हवी, आणि रुग्ण बेशुद्ध असताना नातेवाइकाने दिलेली संमती तो शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून पुन्हा घ्यावी. पोस्टर ए-झिरो असेल तर ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. उभे की आडवे हे आयोजकांना आधी विचारावे. पावसाळ्यात कागदाचे पोस्टर दमट हवेने कडांना वळते, त्यापेक्षा कापडावर छापलेले घडी घालून बॅगेत नेता येते.

शेवटच्या स्लाइडनंतर एक न दाखवलेली स्लाइड ठेवावी: किती रुग्ण आले, किती वगळले, का वगळले, किती सुटले. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न बहुधा तिथेच येतो.