मधमाशीचे पंख व आनुवंशिकता

मधमाशीच्या मागच्या पंखाच्या कडेवर बारीक आकडे असतात. उडताना ते पुढच्या पंखाच्या मुडपलेल्या कडेत अडकतात आणि दोन्ही पंख एकच होऊन हलतात. या पंखांचे आकारमान आणि त्यांतील शिरांची ठेवण या दोहोंवर आनुवंशिकतेचा प्रभाव मात्र सारखा नसतो.

आकारमान बरेचसे संगोपनावर ठरते. जुन्या पोळ्यात प्रत्येक पिढीच्या कोशाचे अस्तर मागे उरते, घर आतून अरुंद होते आणि त्यात वाढलेली कामकरी माशी लहान निपजते. तिचे पंखही आखूड असतात. अळीला मिळालेले खाद्य आणि सु. ३४–३५° से. राखले जाणारे पोळ्यातील तापमान यांचाही त्यात वाटा असतो.

शिरांची ठेवण मुख्यतः वंशातून येते. पुढचा पंख दोन काचांमध्ये ठेवून भिंगातून पाहिला, तर शिरांनी आखलेल्या एका कप्प्याच्या खालच्या बाजूला एक शीर येऊन मिळालेली दिसते. त्या बाजूचे दोन असमान तुकडे पडतात. त्यांचे गुणोत्तर म्हणजे क्युबिटल निर्देशांक. युरोपातील काळ्या माशीत तो सु. १.७, तर कार्निओलन या दुसऱ्या युरोपीय उपजातीच्या माशीत सु. २.७ भरतो. मधमाशी-अभ्यासक फ्रीड्रिख रुटनर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपजातींच्या वर्गीकरणात अशा मापांना मोठे स्थान आहे. सह्याद्रीतील सातेरी माशीच्या मागच्या पंखात एक जादा शीर असते. युरोपीय मेलिफेरा जातीच्या माशीत ती नसते. पेट्या सांभाळणाऱ्याने ही खूण एकदा तरी भिंगातून पाहावीच.

वंश आणि संगोपन वेगळे काढायला पोळ्यासारखी जागा नाही. राणीचा अनेक नरांशी संयोग होतो, त्यामुळे एकाच छपराखाली, एकाच खाद्यावर वेगवेगळ्या बापांच्या लेकी वाढतात. अशा बापागणिक गटांच्या पंखांत सरासरीने दिसणारा फरक मुख्यतः बापाकडून आलेला असतो. नर तर अफलित अंड्यातून जन्मतो. त्याच्याकडे १६ गुणसूत्रांचा एकच संच असल्याने पंखाचा अप्रभावी दोष (जोडीच्या निरोगी जनुकामागे दडणारा) त्याच्यात झाकला जात नाही.

वंश तोच असूनही वाढीनुसार पंख बदलतात, हे मुंग्यांत आणखी ठळक दिसते. त्यांच्यात एकाच प्रकारच्या अंड्यातून पंखवाली राणी किंवा बिनपंखी कामकरी घडू शकते. पंख घडवणारी जनुके कामकऱ्यांतही शाबूत असतात, पण वेगवेगळ्या जातींत त्या जनुकांच्या कामाची साखळी वेगवेगळ्या टप्प्यांवर तुटते, हे जीवशास्त्रज्ञ एहाब अबुहैफ व ग्रेगरी रे यांनी २००२ मध्ये दाखवले. फेडोल प्रजातीच्या मुंग्यांत मोठ्या डोक्याच्या कामकरी म्हणजे सैनिक असतात; त्यांच्या अळीत पंखाचा अंकुर थोडा वाढतो. त्याचा पंख होत नाही, मात्र सैनिकाचे डोके मोठे होण्यासाठी तोच अंकुर लागतो.