जुन्या पिकअपचं इंजिन बदलताय? गॅरेजच्या आधी आरटीओ गाठा

इंजिन दमलं की बहुतेक मालक आधी गॅरेज गाठतात आणि कागदपत्रांचं नंतर बघू म्हणतात. क्रम उलटा हवा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन क्रमांक, इंधन आणि घनक्षमता (सीसी) नोंदलेली असते. इंजिन बदललं की यातली निदान एक नोंद चुकीची ठरते, म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, मंजुरी आधी घ्यावी लागते.

कोणतं इंजिन चालेल?

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनावरचं इंजिन असेल तर काम सोपं आहे, कारण बदलतो तो फक्त क्रमांक. खरी अडचण ‘जरा जास्त ताकदीचं बसवू’ म्हटल्यावर सुरू होते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार कायद्याला मान्य नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं आहे. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन माउंटिंगवर बसलं, गिअरबॉक्सला जुळलं, तरी आरसीवर चढेलच असं नाही. मेकॅनिक ‘होऊन जाईल’ म्हणतो ते नट-बोल्टपुरतं खरं माना. सीएनजीसारखं इंधन बदलायचं असेल तर कायद्यात वेगळी सोय आहे, पण किट तुमच्या मॉडेलसाठी एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेलं लागतं.

दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. एकट्यादुकट्या पिकअपवाल्याला ही वाट नाही.

कागदपत्रं

आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, मालकाचा ओळख आणि पत्त्याचा पुरावा. मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेस प्रमाणपत्रही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सरची लेखी संमती घ्या. हप्ते वेळेवर भरताय एवढं पुरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं इंजिनाचं बिल. त्यावर इंजिन क्रमांक स्पष्ट छापलेला हवा. जुनं इंजिन घेणार असाल तर ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा विक्रेत्याकडून पैसे देण्याआधीच मागा. ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही ना, हेही पोलिसांच्या नोंदीत तपासून घ्या. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला दिसला तर कितीही स्वस्त मिळालं तरी हात लावू नका. त्यात तुमचीच गाडी अडकेल.

अर्ज आणि तपासणी

परिवहन पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून फेरफाराची सेवा निवडा, कागदपत्रं जोडा, शुल्क भरा. मंजुरी मिळाल्यावर इंजिन बसवा आणि गाडी तपासणीला न्या. निरीक्षक इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला क्रमांक बिलाशी ताडून पाहतो. हा क्रमांक बहुधा तेलकट काजळीखाली दडलेला असतो. आदल्या दिवशी रॉकेलने पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि छाप नीट उमटते का पाहा. बिलावर ८ आणि ब्लॉकवर इंग्रजी बी, एवढ्याशा फरकानेही काम अडतं. तसं दिसलं तर तपासणीआधीच बिल दुरुस्त करून घ्या.

मंजुरीविना इंजिन आधीच बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणं बंधनकारक आहे. कळवलं म्हणून नियमात न बसणारं इंजिन मान्य होत नाही. बेकायदा फेरफारासाठी कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवा क्रमांक आरसीवर चढला की ती प्रत लगेच विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीतही नोंद बदलून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन क्रमांक पॉलिसीशी ताडून पाहतो आणि तिथे जुनाच क्रमांक असेल तर दावा लटकतो.