टोपणपत्त्यांची वही कुणाकडे?

ईमेल एलियस, म्हणजे खऱ्या पत्त्याऐवजी द्यायचा आणि पत्रं खऱ्या पेटीत पोहोचवणारा टोपणपत्ता, म्हटलं की आज स्पॅम चुकवायची युक्ती डोळ्यांसमोर येते. पण एलियस मुळात लपण्यासाठी जन्मलाच नव्हता.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव यांच्यामध्ये ‘@’ बसवलं. पत्ता म्हणजे एका यंत्रावरचं एक खातं, इतकंच. मात्र माणसं बदलतात, कामं तीच राहतात. म्हणून १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या मानकाने प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’, म्हणजे तिथली टपालव्यवस्था सांभाळणाऱ्याचा, पत्ता चालू ठेवायला सांगितलं. युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर त्यासाठी साधी फाइल असे, अजूनही असते: डावीकडे टोपणनाव, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं, उजवीकडे खरं खातं. कामाचा माणूस बदलला की फक्त उजवी बाजू बदलायची.

नको असलेली पत्रं तोवर सुरू झाली होतीच. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना धाडली. पत्ते छापील निर्देशिकेतून उचललेले. यादी इतकी लांब, की प्रोग्रामला पेलवेना आणि उरलेले पत्ते थेट मजकुरात सांडले.

टोपणपत्त्यामागे खरोखर लपायची सोय पुढे फिनलंडमध्ये झाली. १९९३ मध्ये योहान हेल्सिंगियस यांनी ‘पेनेट’ हा सर्व्हर चालू केला. पत्र त्यांच्याकडे जाई, मूळ पत्ता काढून त्या जागी एक क्रमांक बसे आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. आजच्या एलियस सेवांचा सांगाडा हाच. त्याचं दुखणंही तेव्हाच उघडं पडलं, कारण कोणता क्रमांक कुणाचा याची वही सर्व्हरवरच होती. सायंटॉलॉजी चर्च या अमेरिकी पंथाच्या तक्रारीवरून १९९५ मध्ये पोलीस दारात आले आणि हेल्सिंगियस यांना एक नाव द्यावं लागलं. १९९६ मध्ये पुन्हा कोर्टाचा दट्ट्या आला, तेव्हा त्यांनी सेवाच बंद केली. इथे तंत्र फसलं नव्हतं. फसली ती वही.

अधिक-चिन्हाची युक्ती त्यामानाने बाळबोध. नावापुढे ‘+दुकान’ जोडलं तरी पत्र आपल्याच पेटीत पडतं. जीमेलमुळे ती घरोघरी पोहोचली. पत्ता कुणी विकला हे तिने कळतं, एवढं खरं. पण अधिक-चिन्हापुढचा भाग छाटला की खरा पत्ता हाती, आणि त्याला एक ओळीचा कोड पुरतो. याला पडदा म्हणायचा तर काचेचा.

म्हणून गाडी पुन्हा पेनेटच्या वाटेवर आली. फायरफॉक्स रिले २०२० मध्ये आलं, ॲपलचं ‘हाइड माय ईमेल’ २०२१ मध्ये आयक्लाउड प्लसचा भाग झालं, सिम्पललॉगिन ही अशीच सेवा २०२२ मध्ये प्रोटॉन या ईमेल कंपनीने घेतली. प्रत्येक साइटला वेगळा, अर्थहीन अक्षरांचा पत्ता द्यायचा; त्रास झाला की तेवढाच बंद करायचा. वही मात्र कंपनीकडे.

काही साइट या सेवांची डोमेन, म्हणजे पत्त्यातला ‘@’ नंतरचा भाग, ओळखून नोंदणीच नाकारतात. मग काही जण स्वतःचं डोमेन विकत घेतात. तिथे हवे तितके पत्ते काढता येतात, कुणी अडवत नाही. पण त्या डोमेनवर दुसरं कुणीच राहत नसल्याने, हे सगळे पत्ते एकाच माणसाचे हे जोडून बघणाऱ्याला सहज कळतं.